ऑनलाइन देणगीचे सॉफ्टवेअर : पावतीच्या बाजूने केलेली पारख

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचा लहानसा सार्वजनिक न्यास आहे. अभ्यासिका चालवणे आणि गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणे ही त्याची दोन कामे, आणि वर्षाकाठी साधारण अडीचशे देणगीदार हा त्याचा आधार. मी त्याचा खजिनदार. मे २०२२ पर्यंत आमची देणगीव्यवस्था म्हणजे एक छापील पावतीपुस्तक, कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवलेला बँकेचा क्यूआर कोड आणि माझी स्मरणशक्ती एवढीच होती. आयकर खात्याने २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८० जी मान्यता (जिच्यामुळे देणगीदाराला करात वजावट मिळते) असलेल्या संस्थांना देणगीदारनिहाय विवरण, म्हणजे नमुना १० बीडी, ३१ मेपर्यंत भरणे बंधनकारक केले, तेव्हा बँकेच्या स्टेटमेंटमधील यूपीआयच्या बारा आकडी क्रमांकांवरून माणसे ओळखण्यात आमच्या तीन रात्री गेल्या. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क होते, त्यामुळे चौथी रात्र घालवण्याची सोय नव्हती. त्याच उन्हाळ्यात विश्वस्तांनी ठराव केला की देणगीसाठी रीतसर सॉफ्टवेअर घ्यावे आणि ते निवडण्याचे काम खजिनदाराने करावे.

त्या निवडीचा हा वृत्तांत आहे. दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. आमच्या अनुभवातील उणिवा सांगताना मी कोणत्याही सेवेचे नाव घेतलेले नाही, कारण त्या एका संस्थेला एका काळात आलेल्या उणिवा आहेत आणि कदाचित एव्हाना दुरुस्तही झाल्या असतील. दुसरे म्हणजे कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक मी १९६१ च्या आयकर कायद्यातले दिले आहेत. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या २०२५ च्या कायद्यात कलमांची मांडणीच नवी आहे, आणि म्हणूनच पावतीवरचा कायदेशीर मजकूर बदलायचा झाल्यास तो आपल्याला बदलता येतो की कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागते, हा प्रश्न विक्रेत्याला पहिल्याच बैठकीत विचारावा.

पर्यायांचे ढोबळमानाने चार गट पडतात. पहिला नुसत्या पेमेंट गेटवेचा, म्हणजे देणगीदाराचे पैसे संस्थेच्या खात्यापर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेचा : रेझरपेसारख्या कंपन्या एक तयार पान देतात, त्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की काम सुरू. दुसरा गट स्वयंसेवी संस्थांसाठीच काढलेल्या भारतीय सेवांचा, मुंबईची दानामोजो हे त्यातले एक परिचित नाव. तिसरा, आपल्याच वेबसाइटवर बसवायच्या प्लगइनचा, ज्यात वर्डप्रेसवर चालणारे गिव्हडब्ल्यूपी बहुतेक वेब डिझायनरांच्या तोंडी असते. चौथा गट मोठ्या मुक्त-स्रोत प्रणालींचा, म्हणजे ज्या कोणालाही घेऊन हव्या तशा बदलता येतात अशांचा : २००५ पासून चालत आलेली सिव्हीसीआरएम, किंवा मुंबईतच घडलेली ईआरपीनेक्स्ट, जिच्या एका आवृत्तीत ८० जी प्रमाणपत्राची सोयही दिलेली होती. परदेशी सेवांचा पाचवा गट आम्ही अर्ध्या तासात बाजूला ठेवला. डोनरबॉक्ससारखी अमेरिकी सेवा दिसायला देखणी असली तरी तिच्यामागे पैसे उचलणारी यंत्रणा स्ट्राइप किंवा पेपालची असते. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले आहेत आणि स्ट्राइपचे भारतातील नवे खाते आता निमंत्रणावाचून मिळत नाही. फलटणच्या देणगीदाराने कोरेगावच्या संस्थेला यूपीआयने पाचशे एक रुपये देण्यासाठी ती वाट उपयोगाची नाही.

प्रत्येक विक्रेता प्रात्यक्षिकाची सुरुवात देणगीच्या पानापासून करतो. हसऱ्या मुलांचे छायाचित्र, खाली मोठे बटण, मोबाइलवर तीन टिचक्यांत पूर्ण होणारा व्यवहार. हे सगळे चांगलेच आहे, परंतु हे काम आता सगळ्यांनाच जमते आणि त्यावरून निवड करता येत नाही. आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. प्रत्येकाला आधी पावती दाखवायला सांगितली, मग वर्षअखेरीचा तक्ता, मग बँकेशी मेळ घालण्याचा अहवाल, आणि देणगीचे पान सगळ्यांत शेवटी. या क्रमामुळे दोन प्रात्यक्षिके अपेक्षेपेक्षा फार लवकर आटोपली.

देणगीच्या पानाबद्दल एकच तक्रार नोंदवतो. बहुतेक ठिकाणी तयार बटणे ५००, १,००० आणि २,५०० अशी असतात. आपल्याकडे देणगी १०१, ५०१, १,००१ अशी वरच्या एका रुपयासह दिली जाते. शून्यावर संपणारी रक्कम देताना अनेक ज्येष्ठांचा हात अडतो. एका सेवेत ही बटणे बदलण्याची सोय सर्वांत स्वस्त योजनेत नव्हती. एका रुपयासाठी वरची योजना घ्या, असे विश्वस्तांना सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

आता पावती. आमच्याकडे येणाऱ्या देणग्यांपैकी मोठा भाग स्मरणार्थ असतो. मुलगा पैसे भरतो, आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी भरतो, आणि पावतीवर ‘कै. आईंच्या स्मरणार्थ’ असा उल्लेख हवा असतो. म्हणजे पावतीत दोन नावे येतात, आणि आयकरासाठी त्यांपैकी एकच देणगीदार असतो. ज्या सेवा परदेशी साच्यावरून बेतलेल्या आहेत त्यांत ‘सन्मानार्थ किंवा स्मरणार्थ’ असा रकाना असतो, पण तो पावतीवर कुठे उमटतो हे प्रत्येकाने नीट पाहिलेले नसते. आमच्या चाचणीत एका सेवेने स्मरणार्थ दिलेले नाव थेट देणगीदार म्हणून छापले आणि पॅन क्रमांक मात्र मुलाचा ठेवला. ती पावती खरोखरच बाहेर गेली असती तर त्या घरी काय वाटले असते, याचा विचार करून आम्ही ती चाचणीची फाइल कोणाला न दाखवता पुसून टाकली. जी सेवा आम्ही पुढे घेतली तिच्यात हा रकाना आधी नव्हताच. आम्ही मागितल्यावर त्यांनी तो जोडून दिला आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत.

नावाचा दुसरा घोळ पॅनचा. देणगीदार स्वतःचे नाव अर्जात जसे लिहितो तसे ते पॅन कार्डावर असतेच असे नाही. कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी वडिलांचे नाव गाळतो, लग्नानंतर कार्यालयात एक नाव चालते आणि पॅनवर दुसरे राहते. पॅनच्या दहा अक्षरांची रचना ठरलेली आहे, पाच अक्षरे, चार आकडे आणि शेवटी एक अक्षर, त्यामुळे चुकीच्या रचनेचा क्रमांक सॉफ्टवेअरने तिथल्या तिथे नाकारायला हवा. चौथे अक्षर व्यक्ती, कंपनी, न्यास असा प्रकार सांगते, म्हणजे एखाद्याने स्वतःच्या नावापुढे भागीदारी संस्थेचा पॅन टाकला तर तेही पकडता येते. इतकी साधी तपासणी आम्ही चालवून पाहिलेल्या तीन सेवांपैकी एकीतच होती. बाकी दोन ठिकाणी पॅनच्या रकान्यात मी ‘नमस्कार’ लिहिले आणि त्यांनी ते आदरपूर्वक स्वीकारले.

मराठी पावतीची कसोटी मी एका शब्दावर घेतो : कऱ्हाडे. देवनागरी अक्षरे पडद्यावर नीट दिसतात म्हणून ती पीडीएफमध्येही नीट उमटतील असा समज असतो, आणि तो चुकीचा आहे. पावती तयार करणाऱ्या काही संगणकीय साधनांना जोडाक्षरे जुळवताच येत नाहीत. वेबसाइटवर सर्रास वापरले जाणारे डॉमपीडीएफ हे त्यांपैकी एक, तर एमपीडीएफ नावाच्या साधनात योग्य फाँट आणि योग्य मांडणी दिल्यास ती जुळतात. जिथे हे जमत नाही तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार सुटून पडतो आणि ‘ऱ्ह’ या जोडाक्षराचे तीन तुकडे होतात. कऱ्हाडे आडनावाची पावती शाबूत आली तर बाकी सगळी आडनावे तरतात. विक्रेत्यांना हा आग्रह हट्टासारखा वाटला. एकाने इंग्रजी पावती सगळ्यांना समजते असे सांगितले. समजते हे खरेच आहे. पण पन्नास वर्षे मराठी पावतीपुस्तक चालवलेल्या संस्थेने संगणक घेतला म्हणून पावतीची भाषा बदलावी, हे आमच्या अध्यक्षांना पटले नाही, आणि मलाही नाही.

पावतीइतकेच महत्त्वाचे आहे वर्षअखेरीचे विवरण. नमुना १० बीडीमध्ये प्रत्येक देणगीदाराचा ओळख क्रमांक, नाव, पत्ता, देणगीचा प्रकार, देण्याची पद्धत आणि रक्कम द्यावी लागते. प्रकारांत कायमनिधी (मुद्दल जपून ठेवायची रक्कम), विशिष्ट कामासाठी दिलेली रक्कम आणि इतर असे भेद आहेत; पद्धतींत रोख, वस्तुरूप आणि बँकेमार्फत असे. हा तक्ता भरल्यावर नमुना १० बीई प्रमाणपत्रे निघतात आणि तीही ३१ मेपर्यंत देणगीदारांच्या हाती पडायला हवीत, कारण विवरणपत्रात वजावट मागताना त्यांना तोच कागद लागतो. सॉफ्टवेअर संस्थेच्या पावत्या कितीही सुबक देवो, हा तक्ता खात्याच्या ठरावीक साच्यात जशाचा तसा निघाला नाही तर मे महिन्यात पुन्हा एक्सेलशी झुंज अटळ आहे. ‘आमचा डेटा एक्सेलमध्ये डाउनलोड होतो’ हे उत्तर प्रत्येक विक्रेत्याने दिले. एक्सेलमध्ये किराणा दुकानाची यादीही डाउनलोड होते. विचारायचे ते असे : एकाच देणगीदाराने वर्षात सहा वेळा पैसे दिले, त्यांपैकी एकदा कायमनिधीसाठी आणि एकदा चेकने, तर तुमच्या तक्त्यात त्याच्या किती ओळी येतील? याचे उत्तर ज्याला पटकन देता आले, त्याने ते काम खरोखर केलेले असते.

कायमनिधीची बाब थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. देणगी कायमनिधीत धरायची असेल तर देणगीदाराने तसा स्पष्ट निर्देश दिलेला असावा लागतो. संस्थेने आपल्या सोयीने नंतर ठरवून चालत नाही. छापील पावतीपुस्तकाच्या काळात आम्ही यासाठी वेगळे पत्र घेत असू. ऑनलाइन अर्जात एक चौकट ठेवता येते, परंतु ती चौकट आधीपासून खूण केलेली नसावी, आणि देणगीदाराने ती केव्हा निवडली याची तारीख-वेळेसह नोंद राहावी. आमच्या लेखापरीक्षकांनी पहिल्याच भेटीत नेमके हेच मागितले. एका सेवेत ती नोंद होती, पण ती कंपनीच्या बाजूला होती आणि काढून मिळण्यासाठी तक्रार क्रमांक घेऊन सहा दिवस थांबावे लागले.

रोख देणगीचे वेगळेच. ८० जी सवलतीसाठी रोखीची मर्यादा २,००० रुपये आहे, त्यावरची रोख रक्कम संस्थेला घेता आली तरी त्यावर देणगीदाराला वजावट मिळत नाही. ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये रोख आणि चेकच्या देणग्या हाताने नोंदवता आल्याच पाहिजेत, नाहीतर संस्थेत पावत्यांच्या दोन मालिका तयार होतात आणि क्रमांकांचा गोंधळ धर्मादाय कार्यालयातील तपासणीपर्यंत जातो. आम्ही चाचणीसाठी २,५०० रुपये रोख नोंदवले. दोन ठिकाणी ८० जीचा मजकूर निमूटपणे छापला गेला.

भिंतीवरच्या क्यूआर कोडचे काय करावे, यावर आमच्या बैठकीत सर्वांत अधिक वाद झाला. बँकेच्या कोडवर संस्थेला शुल्क पडत नाही; १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावरील व्यापारी शुल्क शून्य आहे. मग गेटवेला पैसे कशाला द्यायचे, हा विश्वस्तांचा प्रश्न बिनतोड वाटतो. अडचण अशी की या कोडवरून पैसा येतो, माणूस येत नाही. नाव आणि पत्त्याची नोंद नसलेल्या देणगीला आयकर कायदा निनावी देणगी म्हणतो, आणि धर्मादाय संस्थेच्या बाबतीत एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये यांपैकी जी रक्कम अधिक, तिच्या वरच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर बसतो. निव्वळ धार्मिक न्यासांना यातून सूट आहे, त्यामुळे देवळातील दानपेटीला हा जाच नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला आहे. आपल्याकडे गुप्तदानाची परंपरा मानाची आहे, पण ज्याला आपले नाव फलकावर नको आहे त्याचेही नाव वहीत असावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये हा भेद असायला हवा : नाव नोंदवा, पण जाहीर करू नका. बहुतेक ठिकाणी अशी सोय असते आणि ती चांगली चालते. आम्ही शेवटी भिंतीवरचा जुना कोड काढून त्या जागी देणगीच्या अर्जावर नेणारा कोड लावला. त्यामुळे लहान देणग्या काहीशा कमी झाल्या, हे मान्य करतो. नाव, पत्ता, पॅन लिहायचा म्हटल्यावर अकरा रुपये देणारा विद्यार्थी मागे फिरतो.

शुल्काचा हिशेब वरवर सोपा आहे. गेटवेचा प्रचलित दर साधारण दोन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. १,००१ रुपयांच्या देणगीवर २३.६२ रुपये कापले जातात आणि संस्थेच्या खात्यात ९७७.३८ रुपये येतात. पावती मात्र १,००१ चीच द्यायची, देणगी पूर्ण जमेला धरायची आणि कापलेली रक्कम खर्चात दाखवायची. जिथे सॉफ्टवेअर निव्वळ जमा रकमेवर पावती काढते तिथून उठून यावे. आमच्यासारख्या संस्थेला त्या जीएसटीचा परतावा मिळत नाही, म्हणून दराची तुलना नेहमी करासह करावी. गेटवेच्या वर सेवेचे स्वतःचे शुल्क असते, कुठे टक्केवारीने, कुठे वार्षिक. अडीचशे देणगीदारांच्या संस्थेने वार्षिक शुल्काला भागिले अडीचशे करून पाहावे. तो आकडा विक्रेत्याच्या पत्रकात कधीच नसतो आणि निर्णय बहुधा तोच करतो.

काही ठिकाणी ‘शुल्क मी भरतो’ अशी चौकट देणगीदारापुढे येते. संस्थेला पूर्ण १,००० रुपये मिळावेत म्हणून तो १,०२४.१७ रुपये भरतो. मला ही पद्धत वाईट वाटत नाही, अट इतकीच की चौकट रिकामी असावी आणि पावती त्याने प्रत्यक्ष भरलेल्या पूर्ण रकमेची निघावी. याच्या शेजारी काही लोकवर्गणीच्या मंचांवर मंचासाठीची ‘टिप’ आधीच भरलेली असते, ती शून्यावर आणायला खालपर्यंत जावे लागते. ती रक्कम संस्थेकडे येत नाही, संस्थेच्या पावतीत नसते, आणि तरी देणगीदार फोन संस्थेलाच करतो.

बँकेशी मेळ घालणे हा खजिनदाराचा खरा दिवस. गेटवे पैसे रोज एकेकट्याने पाठवत नाही. दोनेक कामकाजाच्या दिवसांनी, शुल्क वजा करून, अनेक देणग्यांची एकत्र रक्कम खात्यात येते. स्टेटमेंटवर ११,७३९ असा एखादा आकडा दिसतो आणि त्यात कोणकोण आहे हे फक्त गेटवेच्या अहवालात असते. सॉफ्टवेअरमध्ये त्या एकत्र रकमेचा क्रमांक प्रत्येक पावतीला जोडलेला असेल तर हे काम दहा मिनिटांचे आहे. नसेल तर रविवार जातो. ३१ मार्चला हा प्रश्न टोकाला जातो, कारण करबचतीची देणगी आपल्याकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच आठवते. ३० मार्चला दिलेले पैसे एप्रिलमध्ये बँकेत येतात. देणगीदारासाठी तारीख ३० मार्चच, पावतीही त्याच वर्षाची, आणि आमच्या ताळेबंदात ती रक्कम गेटवेकडून येणे म्हणून दाखवावी लागते. एका सेवेने पैसे खात्यात आल्याच्या तारखेची पावती काढली. तीन देणगीदारांची वजावट पुढच्या वर्षात ढकलली गेली असती. त्यांपैकी एक निवृत्त बँक अधिकारी होते, त्यांनीच ती चूक आमच्या आधी पकडली.

फसलेल्या व्यवहारांची वागणूकही तपासावी. देणगीदाराच्या खात्यातून पैसे गेले, पडद्यावर ‘अयशस्वी’ आले, आणि दहा मिनिटांनी गेटवेला बँकेचा होकार मिळाला, असे होते. चांगले सॉफ्टवेअर अशा वेळी गेटवेकडून आलेला उशिराचा निरोप ऐकते आणि पावती पाठवते. कच्चे सॉफ्टवेअर फक्त पडद्यावर काय दिसले तेच धरते, आणि देणगीदार पुन्हा पैसे भरतो. हे तपासण्याची आमची रीत गावठी होती : यूपीआयची मंजुरी देताच मोबाइलचा ब्राउझर बंद करायचा आणि पावती येते का पाहायचे. तीनपैकी दोन सेवा यात उत्तीर्ण झाल्या.

दरमहा देणगीची स्वप्ने प्रत्येक विक्रेता दाखवतो. रिझर्व्ह बँकेचे स्वयंचलित वजावटीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पुरते लागू झाले. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी २४ तास सूचना जाते आणि सुरुवातीची संमती ओटीपीने घ्यावी लागते. नियम योग्य आहेत. पण सूचना आली की काही जण विचार बदलतात, आणि कार्ड बदलले की मालिका तुटते. यूपीआय ऑटोपे यापेक्षा सुरळीत चालतो असा आमचा अनुभव आहे. सॉफ्टवेअरकडून अपेक्षा इतकीच की मालिका तुटली तर ते संस्थेला त्याच आठवड्यात कळावे. आमच्याकडे एका शिक्षिकेची दरमहा ३०० रुपयांची देणगी पाच महिने थांबलेली होती. आम्हाला वाटले त्यांनी बंद केली, त्यांना वाटले ती चालूच आहे.

परदेशी देणगीबाबत आम्ही फार सावध राहिलो. परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी आमच्याकडे नाही. अभ्यासिकेत शिकून न्यू जर्सीला किंवा सिडनीला गेलेली मुले पैसे पाठवू इच्छितात, आणि त्यांच्यातला कायद्याचा भेद पासपोर्टाचा आहे, पत्त्याचा नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने बँकेच्या मार्गाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. अमेरिकी नागरिक झालेल्या त्याच्याच वर्गमित्राची ठरते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी आणि पैसे पुण्यातल्या बँक खात्यातून रुपयांत दिले तरी. नोंदणी असलेल्या संस्थांनाही २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावे लागतात. म्हणून परदेशी कार्डे बंद करणे पुरेसे नाही, अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न हवा आणि ‘भारतीय नाही’ असे उत्तर आल्यास पुढचे बटण बंद व्हायला हवे. आम्ही पाहिलेल्या नुसत्या गेटवेच्या पानावर तो प्रश्न हाताने घालता आला, पण उत्तर काहीही दिले तरी पैसे घेतले जात होते.

खाते उघडण्याच्या कागदपत्रांत आम्हाला सात आठवडे लागले, आणि दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. गेटवे न्यासाची घटना, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, करसवलतीच्या नोंदणीचे १२ एबी आणि ८० जीचे आदेश, विश्वस्तांचा ठराव आणि चालू विश्वस्तांची अधिकृत यादी मागतो. महाराष्ट्रात ही यादी म्हणजे धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट १ चा उतारा. विश्वस्त बदलल्यानंतरचा बदल अर्ज प्रलंबित असेल तर उताऱ्यावर जुनीच नावे असतात, कधी दिवंगतांचीही, आणि सही करणारा माणूस कागदावर विश्वस्तच नसतो. हा खुलासा बंगळूरमधील तपासनिसाला फोनवरून करताना माझी हिंदी आणि संयम दोन्ही पणाला लागले. ज्या सेवेचा माणूस पुण्यात होता, तिथे हेच काम एका पत्राने झाले. स्थानिक भाषेत बोलणारा मदतनीस ही सोय तुलनेच्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

शेवटी डेटा. २०२० मध्ये अमेरिकेतील ब्लॅकबॉड या देणगी-सॉफ्टवेअर कंपनीवर खंडणीखोर सायबरहल्ला झाला आणि जगभरच्या विद्यापीठांच्या आणि धर्मादाय संस्थांच्या देणगीदारांची माहिती बाहेर गेली. त्या संस्थांनी स्वतः काही चूक केलेली नव्हती, तरी देणगीदारांना पत्रे त्यांनाच पाठवावी लागली. आपल्याकडे पॅन, पत्ता, मोबाइल क्रमांक एकाच ओळीत असतात. पॅनचा रकाना सर्व कर्मचाऱ्यांना दिसतो का, आणि करार संपल्यावर माहिती आपल्याला मिळून तिकडून पुसली जाते का, हे करारात लिहून घ्यावे. एका विक्रेत्याच्या करारात माहिती परत देण्याचे स्वतंत्र शुल्क होते. आमचे वकील ते कलम वाचून नुसते हसले.

सिव्हीसीआरएम आणि ईआरपीनेक्स्टविषयी मला मनापासून आदर आहे. माहिती आपल्या ताब्यात राहते, परवाना शुल्क नाही, पावतीचा साचा हवा तसा बदलता येतो. पण सर्व्हर सांभाळणारा, अद्ययावत आवृत्ती बसवणारा माणूस संस्थेत हवा. आमच्या एका विश्वस्तांच्या पुतण्याने उत्साहाने एक प्रणाली बसवून दिली आणि चार महिन्यांनी तो नोकरीसाठी हैदराबादला गेला. ज्या संस्थेकडे एक पगारी संगणकतज्ज्ञ आहे तिने हाच मार्ग आधी पाहावा, असे मी म्हणेन. वर्षाला दोन-तीन हजार देणगीदार असतील तर वार्षिक शुल्कात होणारी बचतच त्याच्या पगारात जमा धरता येते. आमच्या आकाराला ते पेलत नाही.

आम्ही स्वयंसेवी संस्थांसाठी काढलेल्या भारतीय सेवांपैकी एक घेतली. तिचे देणगीचे पान आम्ही पाहिलेल्यांत सर्वांत साधे आहे आणि मोबाइलवर फोटो थोडा कापला जातो. पावती मराठीत निघते, कऱ्हाडे शाबूत येतात, १० बीडीचा तक्ता मागच्या दोन्ही वर्षी फार थोड्या दुरुस्त्यांसह थेट चढवता आला, आणि बँकेच्या प्रत्येक एकत्र रकमेमागची नावे एका टिचकीत दिसतात. रोख पावतीवरचा ८० जीचा मजकूर त्यांनी आमच्या तक्रारीनंतर तीन आठवड्यांनी दुरुस्त केला. कायमनिधीच्या संमतीची नोंद अजूनही त्यांच्याकडून मागून घ्यावी लागते, आणि पुढच्या कराराच्या नूतनीकरणाआधी ती आमच्या बाजूला दिसावी अशी अट मी लेखी घातली आहे. छापील पावतीपुस्तक बंद केलेले नाही. गणपतीच्या सुट्टीत मुंबईहून गावी येणारी मंडळी कार्यालयात येऊन बसतात, चहा घेतात आणि चेक लिहितात. त्यांना स्थळप्रतीवर सही करायची असते. तो चेक मी त्याच दिवशी सॉफ्टवेअरमध्ये चढवतो आणि संगणकाने दिलेला क्रमांक पेन्सिलीने स्थळप्रतीच्या कोपऱ्यात लिहितो.